बटण दाबले, पण कॉम्प्युटर मुकाच!



या महिन्यात कोकणातून आलेल्या एका भगिनीच्या पत्राविषयी लिहायचे आहे. त्यांची मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी कॉम्प्युटर हवा होता. शिष्यवृत्तीची रक्कम, साठवलेली ईदी आणि नानीने हातावर ठेवलेले पैसे एकत्र करून तिने सुटे भाग मागवले आणि घरीच जोडले. सगळे बसवून झाल्यावर बिस्मिल्लाह म्हणून बटण दाबले, तर काहीच नाही. ना पंखा फिरला, ना दिवा लागला. मामू म्हणाले, "तयार घ्या म्हणून सांगितले होते. हे काय मुलींचे काम आहे?" अब्बू म्हणाले, "दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला." मुलगी तेव्हापासून त्या कॅबिनेटजवळ फिरकत नाही. शेवटी त्या भगिनीने विचारले आहे, "यंत्र मेले आहे का? पोरीचे पैसे बुडाले का?"

अंक छापून येईपर्यंत प्रोजेक्टची तारीख काही थांबणार नव्हती. म्हणून त्यांना उत्तर लगेच कळवले. पण सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडणारी मुले-मुली आता घरोघरी आहेत आणि बटण दाबल्यावर गप्प बसलेले यंत्र पाहून घाबरणारे आई-वडीलही आहेत. त्या सर्वांसाठी तेच उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

सर्वांत आधी धीर देणारी गोष्ट सांगतो. नव्याने जोडलेला कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात सुरू झाला नाही, म्हणजे त्यातला एखादा भाग मेलाच, असे नाही. बहुतेक वेळा एखादी वायर अर्धवट बसलेली असते, चुकीच्या जागी लागलेली असते किंवा लावायचीच राहिलेली असते. त्यामुळे दोष मुलीला, दुकानदाराला किंवा कंपनीला द्यायच्या आधी तपास करावा. तपासाला एक-दोन तास, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक कोरा कागद एवढेच पुरते.

बटण नेमके काय करते?

घरातल्या ट्यूबलाइटचे बटण दाबले की वीज थेट दिव्याकडे जाते. कॉम्प्युटरचे बटण तसे नाही. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाची रचना आणली. आजचे बहुतेक सुटे जोडलेले कॉम्प्युटर त्याच रचनेवर चालतात. या रचनेत बटण वीज जोडत नाही, फक्त निरोप देते.

भिंतीतला प्लग लावला आणि पॉवर सप्लायच्या मागचा खटका चालू केला की पॉवर सप्लाय पूर्ण झोपलेला नसतो. तो मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीक पुरवठा सतत देत राहतो. त्याची वायर जांभळी असते. आपण बटण दाबतो तेव्हा दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात. तो निरोप मदरबोर्डला मिळतो आणि मदरबोर्ड हिरव्या वायरीवरून पॉवर सप्लायला सांगतो, "आता जागा हो." मग १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट हे मोठे पुरवठे सुरू होतात. ते स्थिर झाले की पॉवर सप्लाय करड्या वायरीवरून उलट निरोप देतो, "सगळे ठीक आहे." यात सेकंदाच्या दहाव्या भागापासून अर्ध्या सेकंदापर्यंत वेळ जातो. त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो.

म्हणजे ही एक साखळी आहे. भिंतीतली वीज, पॉवर सप्लायचा बारीक पुरवठा, बटणाचा निरोप, मदरबोर्डचा हुकूम, मोठे पुरवठे आणि शेवटी प्रोसेसर. यातली कोणतीही एक कडी निसटली तरी बाहेरून दिसते ते एकच, की बटण दाबले आणि काही झाले नाही. आपल्याला निसटलेली कडी शोधायची आहे.

आधी तक्रार नीट ओळखा

"सुरू होत नाही" या तीन शब्दांत तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली, साफ शांतता, म्हणजे काहीच हलत नाही. दुसरी, पंखे क्षणभर फिरतात आणि थांबतात. तिसरी, पंखे छान फिरतात, दिवे लागतात, पण पडद्यावर काही येत नाही. तिघींची औषधे वेगळी आहेत. म्हणून कोऱ्या कागदावर सर्वांत वर आपली तक्रार कोणती ते लिहावे. त्याखाली दोन रकाने आखावेत. एकात काय बदलले ते लिहावे, दुसऱ्यात काय घडले ते.

एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम हलवल्या आणि यंत्र सुरू झाले, तर कशामुळे झाले ते कधीच कळत नाही, आणि पुन्हा बंद पडले की सगळा तपास पहिल्यापासून करावा लागतो.

हात घालण्यापूर्वी

आत हात घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी मागचा खटका बंद करावा, भिंतीतला प्लग काढावा आणि कॅबिनेटचे बटण आठ-दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्यात, ओढणी आवरून घ्यावी. गालिच्यावर बसून काम करू नये. टेबल किंवा साधी फरशी बरी. भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते.

आणखी एक सक्त ताकीद. पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडू नये. आपल्याकडची २३० व्होल्टची वीज त्याच्या आत सुमारे ३२५ व्होल्टची होऊन कपॅसिटरमध्ये साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तेथे राहू शकते. हा डबा बिघडला तर बदलायचा, घरी दुरुस्त करायचा नाही.

पहिली तक्रार: साफ शांतता

तपास नेहमी बाहेरून आत करावा. ज्या सॉकेटमध्ये प्लग आहे तेथे मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून पाहावा. एक्स्टेंशन बोर्ड वापरत असाल तर तो बाजूला ठेवून थेट भिंतीत प्लग लावावा. पॉवर सप्लायमध्ये घुसणारे वायरीचे टोक पूर्ण आत गेले आहे का ते पाहावे. नव्या डब्यात ते कधीकधी घट्ट असते आणि अर्धवटच राहते. मागच्या खटक्यावर एक उभी रेघ आणि एक गोल असतो. रेघेची बाजू दाबलेली असेल तर चालू, गोलाची दाबलेली असेल तर बंद. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण अनुभवी कारागीरही आधी हाच खटका पाहतात.

काही जुन्या किंवा स्वस्त पॉवर सप्लायवर एक छोटा लाल सरकता खटका असतो, ११५ आणि २३०. आपल्या देशात तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून प्लग लावला तर आतला फ्यूज उडू शकतो, कधी मोठा आवाज होऊन डबा निकामी होतो. डब्यावरचे लेबलही वाचावे. काहींवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते, काहींवर २०० ते २४०. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडते तेव्हा दुसऱ्या प्रकारचा डबा सुरू व्हायला नकार देऊ शकतो. कॉम्प्युटर सकाळी चालतो आणि मगरिबच्या सुमारास बंद पडतो, अशी तक्रार असेल तर हे आधी पाहावे.

आता कॅबिनेट उघडून मदरबोर्डकडे पाहावे. प्लग लावलेला आणि मागचा खटका चालू असताना काही बोर्डांवर एक छोटा दिवा लागतो. तो लागत असेल तर भिंतीतली वीज आणि बारीक पुरवठा या दोन कड्या शाबूत आहेत. दिवा नाही म्हणून लगेच घाबरू नये, कारण प्रत्येक बोर्डावर तो नसतो. बोर्डाच्या पुस्तिकेत पाहावे.

त्यानंतर दोन वायरी तपासाव्यात. पहिली २४ पिनांची रुंद वायर, बोर्डाच्या कडेला बसणारी. ती बसवायला बराच जोर लागतो. कडीचा 'टिक' असा आवाज येईपर्यंत दाबावी. दाबताना बोर्ड वाकत असेल तर बोर्डाची कड दुसऱ्या हाताने आधार देऊन धरावी. दुसरी वायर ८ पिनांची, कधी ४ अधिक ४ अशा दोन तुकड्यांची. ती प्रोसेसरच्या शेजारी, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात बसते. ही वायर प्रोसेसरला वीज देते आणि नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त वेळा राहून जाते, कारण कूलरच्या आड ती जागा दिसतच नाही. ग्राफिक्स कार्डाची ६ अधिक २ पिनांची वायर तिच्यासारखीच दिसते, पण तिच्या पिनांचे खाचे वेगळे असतात. वायर सहज बसत नसेल तर जोर करू नये. ती त्या जागेची नाही, असे समजावे.

बटणाच्या दोन पिना

एवढे सगळे ठीक असूनही शांतता असेल तर निरोपाची कडी पाहावी. कॅबिनेटच्या पुढच्या बटणापासून एक बारीक दोन पिनांची वायर येते. तिच्यावर 'पॉवर एसडब्ल्यू' असे लिहिलेले असते. तशाच दिसणाऱ्या 'रिसेट एसडब्ल्यू' आणि दिव्यांच्या वायरीही असतात. या सगळ्या बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढ्या पिनांच्या दोन ओळींवर बसवायच्या असतात. बहुतेक बोर्डांवर ९ पिना असतात आणि दहावीची जागा रिकामी असते. पॉवर बटणाच्या पिना साधारणपणे ६ आणि ८ क्रमांकाच्या, रिसेटच्या ५ आणि ७. तरी आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेतले चित्र पाहूनच लावावे. बटणाच्या वायरीला उलटसुलट नसते, ती कशीही लावली तरी चालते. दिव्याची वायर मात्र उलटी लावली तर दिवा लागत नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या मुलीचे घोडे येथेच अडले होते. वायर एक घर बाजूला बसली होती. तिने मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात पुस्तिकेतले चित्र शेजारी ठेवून ती पुन्हा लावली आणि पंखे फिरले. भाग खराब नव्हते, दुकानदाराने फसवले नव्हते, आणि हे मुलींचे काम आहे का, या प्रश्नाचे उत्तरही तेथेच मिळाले. पण प्रत्येकाचे काम इतक्या लवकर आटोपेलच असे नाही. म्हणून पुढे जाऊ.

वायर बरोबर बसूनही काही होत नसेल तर कदाचित बटणच खराब असेल. ते तपासायला बटणाची वायर काढून घ्यावी, प्लग लावून मागचा खटका चालू करावा आणि पॉवरच्या त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. या पिनांवरची वीज अगदी कमी असते, झटका बसत नाही. फक्त शेजारच्या पिनांना टोक लागू देऊ नये. यंत्र सुरू झाले तर दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे. अशा वेळी रिसेटच्या बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावावी. रिसेटचे बटण तेच काम करते. कॅबिनेट बदलून मिळेपर्यंत काम अडत नाही.

पॉवर सप्लायची परीक्षा

तरीही शांतता असेल तर पॉवर सप्लाय एकटा उठतो का ते पाहावे. ही परीक्षा घरातल्या मोठ्या माणसाने, शांतपणे करावी. प्लग काढून मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, डिस्क यांच्या सर्व वायरी सोडवाव्यात. २४ पिनांच्या टोकात हिरव्या वायरीची जागा १६ क्रमांकाची असते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या १५ व १७ क्रमांकाच्या वायरी काळ्या असतात. हिरवी आणि शेजारची काळी या दोन भोकांत वायरीचा एक छोटा तुकडा दोन्ही टोके सोलून घालावा. हल्ली पुष्कळ पॉवर सप्लायच्या सर्वच वायरी काळ्या असतात. तेव्हा पुस्तिकेतल्या चित्रावरून क्रमांक मोजावेत, अंदाजाने तुकडा घालू नये. कॅबिनेटचा एखादा पंखा पॉवर सप्लायच्या वायरीला थेट लागत असेल तर तो लावून ठेवावा, कारण काही पॉवर सप्लायचा स्वतःचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरत नाही. मग हात बाजूला घेऊन प्लग लावावा आणि खटका चालू करावा.

पंखा फिरला तर पॉवर सप्लाय निदान उठतो आहे. तो पूर्ण भार पेलतो की नाही, हे मात्र यावरून कळत नाही. पंखा फिरलाच नाही तर संशय पक्का झाला, डबा बदलून घ्यावा. घरात मल्टिमीटर असेल तर अधिक खात्री करता येते. पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आणि केशरी वायरीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. जांभळ्या वायरीवर तर यंत्र बंद असतानाही ५ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत.

शेजारच्या घरातून दुसरा पॉवर सप्लाय उसना आणून लावून पाहणे हा सोपा मार्ग आहे. पण त्यात एक मोठा धोका आहे. काही पॉवर सप्लायच्या वायरी दोन्ही बाजूंनी निघतात. अशा वायरी त्या त्या मॉडेलच्या असतात. टोक तसेच दिसले तरी आतली मांडणी वेगळी असू शकते आणि चांगल्या डिस्क क्षणात जळतात. म्हणून डबा उसना आणाल तेव्हा त्याच्या वायरीही त्याच्याच आणाव्यात.

दुसरी तक्रार: क्षणभर फिरते आणि थांबते

हे लक्षण वाईट दिसते, पण त्यात एक चांगली बातमी असते. पॉवर सप्लाय जिवंत आहे, बटणाचा निरोप पोहोचतो आहे, आणि काहीतरी चुकीचे दिसल्यामुळे यंत्र स्वतःला वाचवत आहे. येथे पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नये.

ज्या पितळी खुंट्यांवर मदरबोर्ड बसवतात त्या मोजाव्यात. बोर्डाला जेथे भोक नाही तेथे कॅबिनेटमध्ये एखादी जादा खुंटी राहिली असेल तर ती बोर्डाच्या पाठीला टेकते आणि शॉर्ट होते. हरवलेला एखादा स्क्रू बोर्डाच्या मागे अडकला आहे का ते कॅबिनेट हलकेच हलवून ऐकावे. पुढच्या यूएसबी पोर्टची पिन वाकली आहे का ते पाहावे. प्रोसेसरची ८ पिनांची वायर पुन्हा एकदा तपासावी. सुरू होऊन काही सेकंदांनी बंद पडत असेल तर कूलर काढून पाहावा. त्याच्या तळाला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचा राहून जातो. मग उष्णता कूलरकडे जात नाही आणि प्रोसेसर तापून यंत्र बंद होते. कूलर काढला की जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी.

कारण सापडत नसेल तर सर्वांत खात्रीचा उपाय करावा. मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी ठेवावी, दोन्ही पॉवरच्या वायरी लावाव्यात आणि पिनांना स्क्रू ड्रायव्हर टेकवून सुरू करावा. बाहेर चालतो आणि कॅबिनेटमध्ये चालत नाही, तर दोष बसवण्यात आहे. बाहेर चालला की एकेक भाग वाढवत जावा. ज्या भागानंतर पुन्हा थांबेल, त्याची चौकशी करावी.

तिसरी तक्रार: पंखे फिरतात, पडदा काळा

येथे आधी मॉनिटरची वायर कोठे लावली आहे ते पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर कार्डाला लावायची, मदरबोर्डला नाही. वेगळे कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय आहे का ते पाहावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' असते त्यात ती सोय नसते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये नसते, ५६००जी मध्ये असते. एका अक्षराचा फरक, पण त्या अक्षराकडे न पाहता घेतले तर ग्राफिक्स कार्डाचा वेगळा खर्च अंगावर येतो.

मग रॅम. पट्टी काढून दोन्ही बाजूंच्या कड्या नीट बसेपर्यंत पुन्हा दाबावी. चार खाचा असतील आणि एकच पट्टी असेल तर ती बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लावायची असते. तिचे नाव 'ए२' असे छापलेले असते. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींच्या पिना २८८ असल्या तरी मधला खाचा वेगळ्या जागी असतो. एकीची पट्टी दुसरीच्या जागी बसत नाही, बसवण्याचा प्रयत्नही करू नये.

डीडीआर५ रॅम असलेले नवे यंत्र पहिल्या वेळी रॅमची ओळख करून घ्यायला कित्येक मिनिटे लावू शकते. तेवढा वेळ पडदा काळाच राहतो, मध्ये यंत्र स्वतःहून एक-दोनदा बंद होऊन चालूही होते. ते बिघडलेले नसते. अशा वेळी चहा ठेवावा, पण प्लग काढू नये.

हल्ली अनेक बोर्डांवर चार छोटे दिवे असतात. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट. ज्या नावाचा दिवा लागून राहतो तेथे गाडी अडली आहे. आणखी एक कारण म्हणजे बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा. बी४५० जातीचे बोर्ड २०१८ मध्ये आले आणि रायझन ५००० जातीचे प्रोसेसर २०२० मध्ये. त्या बोर्डाला नव्या बायॉसशिवाय हा प्रोसेसर ओळखता येत नाही. दोन्ही भाग चांगले, तरी पडदा काळा. काही बोर्डांवर पेन ड्राइव्हवरून बायॉस बदलण्याचे वेगळे बटण असते. नसेल तर विक्रेत्याकडून ते करून घ्यावे.

दुकानात जाण्यापूर्वी

एवढे करूनही यश आले नाही, तर कदाचित भाग खरोखरच सदोष असेल. नव्या भागातही ते घडते. तेव्हा दुकानदाराकडे जाताना हातात तो लिहिलेला कागद, बिल आणि भागांचे सिरियल क्रमांक असावेत. "चालत नाही" असे म्हणण्यापेक्षा "पॉवर सप्लाय एकटा लावला तरी उठत नाही" असे म्हटले की बोलणे लगेच मुद्द्यावर येते, आणि "तुम्हीच बिघडवला असेल" असे म्हणायला जागा उरत नाही. खोकी उघडताना भागांचे, विशेषतः प्रोसेसरच्या सॉकेटचे, फोटो काढून ठेवावेत. त्या सॉकेटवरचे प्लॅस्टिकचे झाकण फेकू नये. बोर्ड परत करताना बरेच विक्रेते ते मागतात. सॉकेटमधल्या पिना वाकलेल्या दिसल्या तर घरी सरळ करायला जाऊ नये.

बिल न घेता दोन-चारशे रुपये वाचवणे येथेच महागात पडते. बिल असेल आणि दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला असो की ऑनलाइन मागवलेला. किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पण तो मार्ग शेवटचा. तपास करून, कागद घेऊन, सलाम करून बोललो तर बहुतेक प्रकरणे काउंटरवरच मिटतात.

घरातल्या मोठ्यांना एकच विनंती आहे. मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या पैशांतून यंत्र जोडले आणि ते बोलले नाही, तर त्या संध्याकाळी "आम्ही सांगितले होते" हे वाक्य घरात उच्चारू नये. टॉर्च धरून शेजारी बसावे आणि कागदावर लिहून द्यावे. पुस्तिकेतले बारीक चित्र पाहायला दोन जोड्या डोळे असले की चूक लवकर सापडते.

आपले कॉम्प्युटर अडले असेल तर पत्रात तीन गोष्टी जरूर लिहाव्यात. तक्रार तिघींपैकी कोणती, बोर्डावर कोणता दिवा लागतो आणि आतापर्यंत काय काय बदलून पाहिले. पुढील अंकात घराच्या अर्थिंगविषयी लिहू. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार अनेक भगिनींनी केली आहे. तोपर्यंत ज्यांच्या कॅबिनेटला झिणझिण्या येतात त्यांनी तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घालून वापरणे आजच बंद करावे आणि वायरमनला बोलावून सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे.